जिव्हारीं लागलेलें दुखणें

सोलापूर जिल्ह्यांत बार्शीहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैराग हें बाजारपेठेचें गांव आहे. अशा गांवांत माणसाची ओळख नांवाइतकीच त्याच्या राबत्यावरून ठरते. तो कोणाकडे उठतो-बसतो, कोणाच्या लग्नाची अक्षत त्याच्या घरीं येते, यावरून. समजा, तेथल्या एका कुटुंबाशीं भावकीनें व्यवहार तोडला. कोणीं हात उगारला नाहीं. केवळ लग्नाचें बोलावणें आलें नाहीं, आणि घरांत मयत झाली तेव्हां खांदा द्यावयास कोणी उभें राहिलें नाहीं. घरच्या कर्त्या पुरुषास अन्न गोड लागेना, छातींत दुखूं लागलें. वैद्यास दाखवावें, तर अंगावर ओरखडाही नाहीं.

शब्द बोचतो, अपमान जिव्हारीं लागतो, काळजाला घरें पडतात, असें मराठी माणूस पूर्वापार म्हणत आला आहे. हे केवळ भाषेचे अलंकार आहेत काय? २००३ सालीं नाओमी आयझेनबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंत एक साधा प्रयोग केला. मेंदूचें चित्र घेणाऱ्या यंत्रांत निजलेल्या माणसास पडद्यावर चेंडूफेकीचा खेळ दिला. दुसरे दोघे खेळाडू खरेच आहेत असें त्यास सांगितलें होतें. वस्तुतः ते यंत्रानेंच चालविलेले होते. थोड्या वेळानें त्यांनीं चेंडू आपसांतच फेकावयास आरंभ केला. एवढ्या क्षुल्लक वगळण्यानेंही मेंदूचा जो भाग उद्दीपित झाला, त्याचा शारीरिक वेदनेच्या क्लेशाशीं संबंध असल्याचें आधींच ठाऊक होतें.

२०१० सालच्या एका अभ्यासांत तीन आठवडे पॅरासिटामॉल घेणाऱ्यांना मन दुखावल्याची जाणीव कांहींशी कमी झाली. अपमानावर ती गोळी घ्यावी, असें मात्र कोणीं समजूं नये. २०१४ सालीं अधिक बारकाईनें पाहतां दोन्ही वेदनांचे ठसे एकाच प्रदेशांत, पण निराळे आढळले. हीं दुखणीं एक नव्हेत. शेजारीं मात्र आहेत.

त्यांतला एक भेद फार महत्त्वाचा आहे. मोडलेल्या हाताची आठवण काढली, तरी हात पुन्हां दुखत नाहीं. २००८ सालच्या प्रयोगांत मात्र आपल्या माणसांनीं दिलेलें दुःख आठवावयास सांगतांच लोकांना तें जवळजवळ नव्यानें सोसावें लागलें.

मुंबई प्रांतानें १९४९ सालीं बहिष्कृतीस बंदी करणारा कायदा केला होता. तो १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रद्द ठरविला. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ सालीं संमत होऊन २०१७ सालीं अंमलांत आला. लग्न वा अंत्यविधीस मज्जाव करणें हाही त्यांत गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परंतु बोलावणें कोणीं अडविलें, खांद्यास येणाऱ्यांना कोणीं रोखलें, हें पुराव्यानें दाखवावें लागतें. आणि त्यासाठीं वैरागच्या त्या कर्त्या पुरुषास तो सारा दिवस परक्यांसमोर पुन्हां सांगावा लागेल.