पिकअपचे शॉकअप कधी बदलायचे?
(नवीन जालना येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर सकाळपासून बोलणं झालं. आता आम्हाला जो विषय दिला आहे, तो ऐकून मागच्या रांगेतली काही मंडळी हसली. हसा. पण बाहेर पटांगणात ज्या गाड्या उभ्या आहेत, त्यातल्या निम्म्यांखाली वाकून बघितलं तर हसू थांबेल.

पिकअप आपण हौसेनं घेतली नाही. कापूस घरात पडला, गाडी नाही, भाडं परवडत नाही, म्हणजे माल गावातच काट्यावर घालायचा आणि व्यापारी म्हणेल तो भाव घ्यायचा. दारात स्वतःची चालती गाडी असली की भोकरदनचा माणूस जालन्याचा मोंढा विचारतो, नाही पटलं तर जिनिंगवर जातो. ऐन वेचणीत गाडी गॅरेजला लागली की हे सगळं संपलं. शिवाय त्याच गाडीच्या मागे पहाटे वेचणीच्या बाया बसून जातात. बसू नयेत, कायद्यानं मनाई आहे, पण बसतात हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून हा विषय.

मुळात गैरसमज असा, की शॉकअप वजन पेलतो. तो पेलत नाही. वजन पेलतात ते पाटे. खड्ड्यात चाक गेलं की पाटा दबतो आणि परत उसळतो. ही उसळी आवरायचं काम शॉकअपचं. फवारणीचा पंप आठवा. नोझल बारीक असलं की दांडा जड लागतो, नोझल काढून टाकलं की फुकाचा हलतो. शॉकअपच्या नळीत तेल असतं, दट्ट्याला बारीक छिद्रं असतात, तेल त्यातून कष्टानं जातं आणि उसळी मरते. सील गेलं, तेल गळालं किंवा आतली झडप झिजली, की नोझल काढलेला पंप झाला. मग चाक रस्त्यावर टेकत नाही, नाचतं. नाचणाऱ्या चाकाला ब्रेक लागत नाही.

आमचीच फजिती सांगतो. मागच्या टायरला ठिकठिकाणी खळगे पडले, हात फिरवला की लागायचे. आम्ही टायरला शिव्या दिल्या आणि नवी जोडी घातली. एका हंगामात तिलाही तसेच खळगे. तेव्हा एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं खाली वाकून दाखवलं, शॉकअपवर तेलाचा चिखल बसला होता. शॉकअपची जोडी टायरच्या जोडीपेक्षा स्वस्त. आम्ही महाग वस्तू दोनदा घेतली आणि स्वस्त वस्तू शेवटी.

तेव्हा बघायचं काय? नळीवर नुसता ओलसरपणा असेल तर लगेच घाबरू नका; ओघळ असेल, त्यावर धूळ बसून लगदा झाला असेल, तर तो गेला. दांड्यावर ओरखडे, नळीला पोचा, रबरी बुश फाटून खडखडाट, हेही तसंच. ब्रेक मारला की तोंड खाली जातं, वळणावर गाडी कलते आणि लवकर सावरत नाही, ही चालवताना कळणारी लक्षणं. कोपऱ्यावर दाब देऊन सोडायचा, गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे, ही परीक्षा सगळे सांगतात. पुढच्या बाजूला ती चालते. रिकाम्या पिकअपच्या मागच्या कडक पाट्यांवर ती फसवते. पाटा दबतच नाही तर कळणार काय? मागच्यासाठी दुसरी युक्ती आहे. गाडी थंड असताना निघा, दहा-पंधरा किलोमीटर खराब रस्त्यानं चालवा, सपाटीला उभी करून बंद करा, चाकाला दगड लावा आणि सायलेन्सर चुकवून जपून हात लावा. काम करणारा शॉकअप कोमट झालेला असतो. एक कोमट आणि एक थंड, तर थंड तो मेलेला.

किलोमीटरचा हिशेब विचाराल तर ऐंशी हजाराचा आकडा सांगतात. तो चांगल्या डांबरीवरचा. आमच्या पांदणीला, मुरमाला आणि वरच्या ओझ्याला तो लागू नाही. दसऱ्याच्या आत, कापूस घरात यायच्या आधी, दरवर्षी तपासा. बदलताना एका आसावरचे दोन्ही एकदम बदला. एक नवा, एक जुना म्हणजे एका बाजूला ओढणारी बैलजोडी.

आता भारी शॉकअप घ्यावा का? कापूस हलका पण उंच रचला जातो, गाडी वाऱ्यावर आणि वळणावर डोलते. ज्वारीची पोती खाली बसतात पण वजन मारतात. दोन्हीला चांगला शॉकअप कामी येतो. खडबडीत रस्त्यावर साध्या शॉकअपचं तेल तापून फेसाळतं आणि पकड सुटते. नायट्रोजन वायू भरलेल्यात फेस कमी होतो. रोज कच्च्या रस्त्यानं जाणाऱ्यानं तो घ्यावा, महिन्यातून चार फेऱ्या करणाऱ्यानं कंपनीच्या मापाचा साधा घ्यावा. पण भारी शॉकअप घातला म्हणून एक पोतंही जास्त टाकता येत नाही. आपल्याकडे जादा पान घालून पाटा कडक करतात आणि शॉकअप जुनाच ठेवतात. कडक पाट्याची उसळी त्याला आवरत नाही, रिकामी गाडी परतताना उड्या मारते. त्यात २०१९ च्या दुरुस्तीनं जादा भाराला वीस हजार रुपये आणि वरच्या दर टनाला दोन हजार दंड ठेवला आहे. ब्रेक आणि आस गाडीचे तेच राहतात, ते वेगळं.

रंग मारलेला, तेल भरून विकलेला जुना माल घेऊ नका. पक्की पावती मागा. त्या पावतीवरचा कर बघा. सुट्या भागांवर २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. नोंदणीवाला व्यापारी त्याची वजावट घेतो. आपण घेऊ शकत नाही, तो कर आपल्या कापसातच जिरतो. तेव्हा ती पावती कापसाच्या खर्चाच्या वहीत चिकटवा. भाव मागायला जाताना ती बरोबर असू द्या.

डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून आपल्या गाड्या जालन्याहून त्यावरही चढतात. पांदणीवर खळगे पडलेला टायर तिथं वेगात तापतो. चढण्याआधी टायरवरून एकदा हात फिरवा.

जेवणानंतर पटांगणात जमू. हात काळे करायची तयारी ठेवा. आमच्या गाडीचा पुढचा उजवा बुश परवापासून वाजतो आहे, तिच्यापासूनच सुरुवात करू.