दिसलं ते सांगणं, सांगितलं ते ऐकणं

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

'संकटाच्या वेळी एकमेकींशी कसं बोलायचं' हा विषय मला दिला आहे. त्यासाठी उदाहरण घेतलं आहे ते विमानाला पक्षी धडकतो तेव्हाचं. आपल्यातल्या कित्येकजणी विमानात बसलेल्याही नसतील. तरी ऐका, कारण या गोष्टीतल्या बायका आपल्या ओळखीच्या आहेत.

पक्षी धडकतात ते बहुधा विमान जमिनीजवळ असताना, म्हणजे उडताना किंवा उतरताना. पक्षी इंजिनात ओढला गेला की आतली पाती वाकतात, मोडतात, इंजिन थरथरतं, ठिणग्या उडतात. धावपट्टीवर वेग कमी असेल तर वैमानिक विमान थांबवतात. पण ठरावीक वेग ओलांडला की थांबायचं नाही, उडायचंच, कारण उरलेली धावपट्टी थांबायला पुरणार नसते. दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावरही उडू शकतं, तसंच ते बनवलेलं असतं.

वर गेल्यावर पहिला नियम म्हणजे घाई करायची नाही. एक वैमानिक फक्त विमान चालवतो. दुसरा छापील यादी काढून एकेक ओळ मोठ्याने वाचतो. इंजिन बंद करायचं झालं तर एकाने त्या इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवून कोणतं ते सांगायचं, दुसऱ्याने नीट पाहून होकार द्यायचा, मगच बंद करायचं. वीस वर्षांचा अनुभव असला तरी हे मोठ्याने बोलायचंच. म्हणजे भिस्त कुणा एकाच्या धाडसावर नसते, रीतीवर असते.

१९ जून २०२२ रोजी पाटण्याहून दिल्लीला स्पाइसजेटचं विमान निघालं. आत १८५ प्रवासी होते, कॅप्टन होत्या मोनिका खन्ना. विमान जमीन सोडताना पक्षी धडकल्याची शंका आली, पण समोरच्या यंत्रांवर काही बिघाड दिसेना, म्हणून ते वर चढत राहिलं. डाव्या इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्या दिसल्या त्या मागे केबिनमधल्या कर्मचाऱ्यांना. त्यांनी लगेच कॉकपिटला कळवलं. जमिनीवरच्या नियंत्रण कक्षानेही तेच सांगितलं. खन्नांनी ते इंजिन बंद केलं आणि विमान पुन्हा पाटण्याच्या आखूड धावपट्टीवर सुखरूप उतरवलं. तपासणीत इंजिनाच्या तीन पात्यांना इजा झालेली आढळली. वर्तमानपत्रांनी कॅप्टनचं कौतुक केलं, ते योग्यच होतं. मला मोलाची वाटते ती मागून पुढे गेलेली खबर, आणि ती ऐकली गेली हे.

कारण ती न गेल्याने काय होतं तेही घडून गेलं आहे. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ एक विमान कोसळलं. तिथे पक्षी नव्हता, इंजिनाचं पातं आपणहून तुटलं होतं. बिघडलं होतं डावं इंजिन, वैमानिकांनी बंद केलं उजवं. उजव्या बाजूला बिघाड आहे असं कॅप्टनने प्रवाशांना सांगितलंही. मागे बसलेल्या प्रवाशांना आणि तीन कर्मचाऱ्यांना आग दिसली होती ती डावीकडे. ही गोष्ट कॉकपिटपर्यंत पोचलीच नाही. ४७ माणसं गेली. पुढचे आणि मागचे कर्मचारी एकत्र शिकले पाहिजेत, अशी शिफारस त्या चौकशीतून झाली.

मागे काम करणारीला मराठीत आपण काय म्हणतो? हवाईसुंदरी! विमान उडताना ती खुर्चीत गप्प बसलेली दिसते, तेव्हा मनातल्या मनात उजळणी करत असते – माझं दार कोणतं, ते कसं उघडायचं, कोणते हुकूम ओरडायचे. आपल्याला दिसतो तो चहाचा ट्रे.

व्यवस्थेलाही तेवढंच दिसत होतं. एअर इंडियाचा नियम असा होता की हवाईसुंदरीने पहिल्या चार वर्षांत लग्न केलं, ती पहिल्यांदा गरोदर राहिली किंवा पस्तिशीला पोचली, की यांतलं जे आधी घडेल तेव्हा नोकरी संपली. पुढे मुदतवाढ मिळायची ती वरिष्ठांच्या मर्जीवर. नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकारी कोर्टात गेल्या. १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने गरोदरपणाची अट रद्द केली, वरिष्ठांची ती मर्जीही रद्द केली. चार वर्षांची लग्नबंदी मात्र कायम ठेवली.

आता न्यूयॉर्कला चला. १५ जानेवारी २००९ ला रानहंसांचा थवा एका विमानाच्या दोन्ही इंजिनांत शिरला. साडेतीन मिनिटांत विमान हडसन नदीत उतरलं. कॅप्टन सलेनबर्गर यांचं नाव जगाला माहीत झालं. केबिनमध्ये होत्या शीला डेल, डोना डेंट आणि डोरीन वेल्श. 'डोकी खाली, खालीच ठेवा' असं त्या एका सुरात ओरडत राहिल्या. शेपटीकडे पाणी चढत होतं, वेल्श यांचा पाय खोल चिरला होता, तरी त्या लोकांना पुढे पिटाळत होत्या. १५५ पैकी सगळे वाचले. तिघींचीही पन्नाशी उलटलेली होती. आपल्याकडच्या त्या नियमाने त्यांना पस्तिशीतच घरी बसवलं असतं.

एअर इंडियात उड्डाणातल्या केबिन कर्मचाऱ्यांचं प्रमुखपद बाईलाही मिळू शकतं, यावर सुप्रीम कोर्टाचं शिक्कामोर्तब व्हायला २०११ साल उजाडावं लागलं.

हे सगळं दुसऱ्यांचं झालं. आता आपलं. आमच्या सल्ला केंद्रात एका जोडप्याचा समेट झाला. कागद झाला, सह्या झाल्या, बाई सासरी गेली. नवऱ्याने जिन्यात तिला दिलेली धमकी आमच्या चहावाल्या मावशींनी ऐकली होती. आठ दिवसांनी ती बाई हात मोडून परत आली. मावशींना मी विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही शिकलेल्या. म्हटलं, तुम्हाला ठाऊकच असेल."

मावशींची चूक नव्हती. त्यांचा शब्द आमच्यापर्यंत पोचायला आम्ही वाटच ठेवली नव्हती. समाजकार्याची पदवी माझ्याकडे होती, माहिती मात्र त्यांच्याकडे होती. तेव्हापासून समेटाच्या कागदावर सह्या होण्याआधी केंद्रातल्या प्रत्येकीला, मावशींनाही, नाव घेऊन विचारतो : तुला काही दिसलं का? काही ऐकलंस का? उत्तर नोंदवहीत लिहितो. पाच मिनिटं लागतात.

मैत्रिणींनो, आपण समतेच्या घोषणा देतो. पण आपल्याच केंद्रात शेवटच्या खुर्चीवरची बाई बोलते का, आणि बोलली तर आपण हातातलं काम थांबवून ऐकतो का, एवढं परत गेल्यावर तपासून पाहा.