पन्नाशीनंतर दातांना तारा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सरोजिनी नगर, लखनौ येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानपीठावरून संतवाङ्मयावर, अवधच्या इतिहासावर आणि निवृत्तिवेतनाच्या नियमांवरही भाषणे झालेली आहेत. त्या पंक्तीत दातांच्या तारांचे पान मांडावे की नाही, अशी शंका आमच्या कार्यवाहांना आली असल्यास ती रास्तच होती. परंतु गेली दोन वर्षे आपणांपैकी बहुतेकांनी माझ्या तोंडाकडे कुतूहलाने पाहिले आहे. काहींनी सभ्यपणे नजर वळविली, काहींनी सरळ विचारले, आणि बालगोपाळांनी तर "काका, तुम्ही कितवीत?" असाच प्रश्न टाकला. बावीस महिने वागविलेल्या त्या तारा यंदा गुढीपाडव्यानंतर निघाल्या. तेव्हा सर्वांना एकदाच उत्तर द्यावे, म्हणून हा विषय मी मागून घेतला.

दातांना तारा ही बारा-चौदा वर्षांच्या मुलामुलींची गोष्ट, असा आपला समज आहे. त्यातही मुलीचे दात पुढे असतील तर लग्न ठरविण्यापूर्वी ते मागे घ्यावेत, एवढ्यापुरतीच या शास्त्राची आठवण पुष्कळ घरांत होते. मुलाचे दात तसेच राहिले तरी चालतात, हेही त्यात गृहीत असते. असो. पन्नाशी उलटलेल्या, नातवंडांची वाट पाहणाऱ्या माणसाने तारा लावल्या तर त्यात नटवेपणाखेरीज दुसरे कारण असू शकेल, हे कुणाच्या मनात येत नाही. आमच्या कचेरीत एका सहकाऱ्याने अदबीने विचारले होते, "साहब, इस उम्र में?" वाईहून फोनवर आईनेही तेच विचारले, फक्त अदब वजा करून : "अरे, आता कुणाला दाखवायचेत दात?"

माझे कारण दाखविण्याचे नव्हते. दात टिकविण्याचे होते.

वयाच्या बावन्नाव्या वर्षी कचेरीतील नव्या ओळखपत्रासाठी छायाचित्र काढले. ते जुन्या ओळखपत्राशेजारी ठेवून पाहिले, तेव्हा लक्षात आले की समोरच्या वरच्या दोन दातांमध्ये पूर्वी नसलेली फट पडली आहे आणि एक दात किंचित पुढे झुकला आहे. जिभेने ढकलले तर तो हलतही होता. पहिल्या दंतवैद्यांचे मत पडले की दोन्ही दात काढावेत आणि शेजारच्या दातांचा आधार घेऊन पूल बसवावा. काम तीन आठवड्यांचे. सल्ला चुकीचा होता असे मी म्हणत नाही. तसे पुष्कळांना करावेही लागते. पण दोन दात वाचविता येतात का, हे विचारण्यासाठी मी आलमबागेत दुसऱ्या दंतवैद्य बाईंकडे गेलो. त्यांनी बारीक सळईने प्रत्येक दाताभोवती हिरडीची खोली मोजली. निरोगी हिरडीत ती एक ते तीन मिलिमीटर असते. माझ्याकडे काही ठिकाणी सहा भरली. क्ष-किरणचित्रात दातांभोवतीचे हाड खाली गेलेले दिसत होते.

दात हाडात सिमेंटच्या खांबासारखा रुतून बसलेला असतो, अशी आपली कल्पना असते. वस्तुतः दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा एक पडदा असतो आणि दात त्या तंतूंवर झोळीसारखा टांगलेला असतो. आतून जीभ रेटते, बाहेरून ओठ रेटतात, आणि हाडाच्या आधाराने दात त्या दोन रेट्यांमध्ये तोल सांभाळतो. हिरडीच्या विकाराने हाड झिजले की तोल जातो. वरचे पुढचे दात पंख्याच्या काड्यांसारखे फाकू लागतात. चाळिशी-पन्नाशीत "अलीकडेच फट पडली" असे जे अनेकजण सांगतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे. दुसरेही एक आहे. एखादी दाढ काढून जागा रिकामी राहिली की शेजारची दाढ तिच्यावर आडवी कलते, समोरची दाढ खाली उतरते, आणि मग तेथे कृत्रिम दात बसवावयाचा म्हटले तरी आधी कललेली दाढ उभी करावी लागते. तेही काम तारांचेच.

आता हाडातून दात सरकतो कसा? हे कळले तेव्हा मला सर्वांत अधिक आश्चर्य वाटले. दातावर एका बाजूने हलका दाब दिला की दाबाच्या बाजूला हाड विरघळविणाऱ्या पेशी गोळा होतात आणि ताणाच्या बाजूला हाड घडविणाऱ्या पेशी कामाला लागतात. पुढची भिंत थोडी खणली जाते, मागची थोडी बांधली जाते, आणि दात आपल्या घरासह पुढे जातो. सँडस्टेट नावाच्या स्वीडिश संशोधकाने १९०४ च्या सुमारास कुत्र्यांच्या जबड्यांवर प्रयोग करून सूक्ष्मदर्शकाखाली हे दाखविले. यासाठी लागणारा जोर किती असावा? पाचपन्नास ग्रॅम, कधी शंभरएक. जोर वाढविला म्हणजे काम लवकर होते असेही नाही; अतिदाबाने तेथील रक्तपुरवठाच तुटतो आणि दात उलट अडून बसतो. वेग साधारण महिन्याला एक मिलिमीटर. सरकारी नस्तीसुद्धा याहून जलद सरकते, असे मी बाईंना म्हटले, तेव्हा त्या म्हणाल्या की नस्ती परत मागे येत नाही, दात येतात. त्यांना आमच्या खात्याचा अनुभव नसावा.

ही पेशींची घडामोड वय झाले म्हणून थांबत नाही, हा आजच्या भाषणातील मुख्य मुद्दा आहे. मोडलेले हाड साठीतही सांधते, ते याच गुणामुळे. प्रौढपणी सुरुवात मंद होते, दुखणे थोडे अधिक जाणवते, आणि जबड्याची वाढ संपलेली असल्यामुळे जबडाच लहानमोठा असेल तर नुसत्या तारांनी भागत नाही, शस्त्रक्रिया लागते. पण जबड्यातील दात हलविण्यास वय ही आडकाठी नाही. आडकाठी आहे ती सुजलेल्या हिरड्यांची. हिरडीत दाह असताना तारा लावल्या तर हाड दुप्पट जोमाने जाते. म्हणून माझ्या हिरड्यांवर प्रथम चार महिने उपचार झाले. मुळांवर साचलेले कीटण खरवडून काढले, मधुमेहाची तपासणी केली, कारण साखर ताब्यात नसेल तर हिरडी ताब्यात राहत नाही. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषधे चालू असतील तर तीही दंतवैद्यांना आधी सांगितली पाहिजेत; त्यांपैकी काहींमुळे दात सरकण्यास अडथळा येतो. आमच्या भगिनीवर्गाने हे विशेष ध्यानात ठेवावे.

या विद्येचा इतिहास थोडक्यात सांगतो. फ्रान्समध्ये पिएर फोशार याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात दात ओळीत आणण्यासाठी धातूची पट्टी वर्णिली आहे. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी अमेरिकेत एडवर्ड अँगल याने १८९९ मध्ये वाकड्या दातांचे वर्गीकरण केले, ते आजही शिकविले जाते. १९२८ मध्ये त्याने चौकोनी खाचेत चौकोनी तार बसविण्याची युक्ती काढली आणि आजच्या बहुतेक तारा तिच्याच वंशातल्या आहेत. एकही दात काढू नये, असा त्याचा आग्रह असे. पुढे त्याच्याच शिष्याने, ट्वीडने, जागा अपुरी असेल तर काढावेत असे मत मांडले, आणि तो वाद पुरता मिटलेला नाही. पूर्वी प्रत्येक दाताला पोलादी कडे घालावे लागे. १९५५ मध्ये ब्युनोकोर याने दाताचे कवच आम्लाने खरखरीत करून त्यावर पदार्थ चिकटविण्याची रीत दाखविली आणि तीतून कड्यांऐवजी इवल्या चकत्या चिकटविणे साधले. आणि ती लवचिक तार? निकेल व टिटॅनियमचा हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत निपजला. १९७० नंतर तो दंतवैद्यांच्या हाती आला. वाकविला तरी हळूहळू मूळ आकारावर येतो आणि येताना दाताला सोबत ओढतो. अलीकडे पारदर्शक साच्यांचीही सोय झाली आहे, परंतु माझ्या दातांच्या मुळांची दिशा बदलावयाची असल्याने बाईंनी तारच पसंत केली.

आपल्या देशात डॉ. आर. अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यास पहिले दंतमहाविद्यालय काढले. मुंबईस नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ चे. इंडियन ऑर्थोडाँटिक सोसायटी १९६५ पासून आहे. आपल्या लखनौतही किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाच्या दंतशाखेत या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. त्या विद्यापीठाला मध्यंतरी काही वर्षे छत्रपती शाहूजी महाराजांचे नाव होते, ते २०१२ मध्ये बदलून पुन्हा पूर्वीचे झाले. आपल्यापैकी जुन्या मंडळींना ते आठवत असेल. ज्यांना खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नाही, त्यांनी अशा शासकीय दंतशाखेत अवश्य चौकशी करावी. रांग लांब असते, पण रांगेची आपल्याला सवय आहे.

तारांबरोबरचे दैनंदिन जीवन, हा भाग ऐकावयास गमतीचा असला तरी भोगावयास तितका नाही. तार आवळल्यावर दोन-तीन दिवस वरणभातसुद्धा जपून खावा लागतो. चकली, कडक भाकरी, भाजलेले कणीस, ऊस आणि या शहराची ती प्रसिद्ध रेवडी, ही सर्व बावीस महिने वर्ज्य. हिवाळ्यात चारबागेत रेवडीच्या दुकानांवरून जाताना मी वैराग्य शिकलो. येथील गलावटी कबाब दात गेलेल्या कुणा नवाबासाठी प्रथम झाले, अशी आख्यायिका आहे. शाकाहारामुळे मला तोही दिलासा नव्हता. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. दाह मारणाऱ्या गोळ्या वारंवार घेतल्या तर दाताचे सरकणेही मंदावते, म्हणून त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. प्रत्येक जेवणानंतर तारेखालून बारीक ब्रश घालून सफाई करावी लागते. कचेरीच्या प्रसाधनगृहात उपसचिव दर्जाचा मनुष्य दहा मिनिटे दात घाशीत उभा राहिलेला पाहून चपराशी आदराने बाहेर थांबत असत.

आणि उच्चार. सुरुवातीस ओठ नीट मिटत नाहीत, म्हणून प, ब, म अडखळतात. ते आठवड्यात सुधारते. तारा काढल्यावर टाळूला बसणारी पट्टी आली, तेव्हा खरी अडचण झाली. आपल्या मराठीत च, ज, झ यांचे दोन दोन उच्चार आहेत. चंद्र आणि चिंच यांतला च निराळा, चाक आणि चोर यांतला निराळा. या दुसऱ्याला जिभेचे टोक दातांमागे अचूक टेकावे लागते. येथे वाढलेली आपली मुले हा दुसरा च विसरत चालली आहेत, ती हिंदीच्या सहवासाने. मी तो पट्टीमुळे आठवडाभर विसरलो आणि तेवढ्यात वडिलांची आठवण फार तीव्रतेने झाली.

माझे वडील शाळामास्तर होते आणि गावच्या देवळात पोथी वाचीत. त्यांचे वाचन ऐकण्यासाठी शेजारच्या आळीतून माणसे येत. पंचावन्नाव्या वर्षी हिरड्यांच्या विकाराने त्यांचे बहुतेक दात गेले आणि कवळी आली. त्या काळी तालुक्याच्या गावी दुसरा इलाज कुणी सांगितलाच नाही. कवळीने ते जेवू शकत, पण वाचताना ती सुटे, स आणि च घसरत, आणि पुढे बसलेली पोरे खुसखुसत. एका चातुर्मासात त्यांनी पोथी गुंडाळून पुजाऱ्याच्या हाती दिली आणि पुन्हा व्यासपीठावर बसले नाहीत. कारण त्यांनी घरात कुणाला सांगितले नाही. रात्री खिडकीत पितळी पेल्यात पाण्याखाली ठेवलेली ती कवळी आम्हा मुलांना भीतिदायक वाटे. त्यांना काय वाटत असेल, हे मला बावन्नाव्या वर्षी आरशासमोर कळले. माझ्या आईने पुढे फोनवर विचारणे बंद केले, ते मी तिला हे सांगितल्यानंतर. ती एवढेच म्हणाली, "त्यांच्या वेळी कुणी सांगितलं असतं, तर त्यांनीही लावल्या असत्या रे."

ज्यांना माझ्यासारखे करावयाचे असेल, त्यांनी पुढचेही ध्यानात घ्यावे. तारा निघाल्या म्हणजे काम संपले असे नाही. हिरडीतील तंतू ताणलेल्या रबरासारखे असतात; त्यांना नव्या जागी रुळावयास वर्षभर लागते, तोवर ते दातांना मागे ओढू पाहतात. ज्यांच्या दातांभोवतीचे हाड कमी झाले आहे, त्यांना तर आधार कायमच लागतो. माझ्या पुढच्या सहा दातांच्या मागील बाजूस बारीक तार चिकटविली आहे, ती राहणार आहे. शिवाय रात्री पट्टी लावावी लागते, आणि दर तीन महिन्यांनी हिरड्या तपासून घ्याव्या लागतात. झिजलेले हाड बहुतांशी परत आले नाही, येतही नाही. जे उरले त्यावर दात आता सरळ उभे आहेत आणि हलत नाहीत. फट मिटली आहे. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, "अहो, तुम्ही हसता तसेच, फक्त आता हात तोंडावर नेत नाही." हात तोंडावर नेत होतो, हे मला त्यांच्याकडूनच समजले.

माझा वेळ संपत आला आहे. हिरड्यांतून रक्त येते का, दात सैल वाटतो का, असे ज्यांना खाजगीत विचारावयाचे असेल, त्यांनी कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी मला अवश्य गाठावे. मी डॉक्टर नाही, पण कोणत्या प्रकारच्या डॉक्टरांकडे आधी जावे एवढे सांगू शकेन. चहाबरोबर आज चकली आहे असे कळते. ती मी खाणार आहे.