साडेतीन मिलिमीटरची गोष्ट

मागच्या भागात मी ओघात म्हणालो होतो की गिटारचा ब्रिज बदलताना माझा चांगलाच पचका झाला होता. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून आज तेवढंच.

गिटार माझी नाही, दादाची. स्ट्रॅटच्या धर्तीवरची, स्वस्तातली. त्याने इंजिनिअरिंगला असताना शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि ती घेतली. जर्मनीला जाताना माझ्या हातात देऊन म्हणाला, "वाजव, पण नीट ठेव." मी तीन वर्षं वाजवली. मग ब्रिजच्या दांडीचे आटे झिजले. दांडी लुळी पडली आणि जरा दाबली की सूर बिघडायचे. म्हटलं, ब्रिजच बदलू.

हा ट्रेमोलो ब्रिज. खरं तर नावच चुकीचं आहे. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणं, आणि सूर वरखाली होणं म्हणजे व्हायब्रेटो. पण १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवरच्या ब्रिजला लिओ फेंडर यांनी ट्रेमोलो म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. आतलं काम तराजूसारखं चालतं. एका बाजूने तारा ओढतात, ९-४२ चा सेट असेल तर सगळ्या मिळून ३८ किलोच्या आसपास. दुसऱ्या बाजूने गिटारच्या पाठीतल्या पोकळीतल्या स्प्रिंगा ओढतात. मध्ये ब्रिज, पुढच्या सहा स्क्रूंवर टेकलेला.

फोटो बघून मी ऑनलाइन ब्रिज मागवला. सहा भोकं यालाही, सहा त्यालाही. अजून काय बघायचं?

शनिवारी सकाळी तारा सोडल्या, स्प्रिंगा काढल्या, सहा स्क्रू काढले, जुना ब्रिज बाहेर. नवा ठेवला. मधले दोन स्क्रू गेले. पुढचे दोन जरा अडले. कडेचे दोन काही केल्या जाईनात. मग पट्टी घेतली. जुन्या ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या स्क्रूच्या मध्यांतलं अंतर साडेबावन्न मिलिमीटर, नव्यावर छप्पन्न. म्हणजे दोन्ही कडांना पावणेदोन मिलिमीटरचा फरक. ही दोन्ही मापं बाजारात सर्रास मिळतात, आणि फोटोत दोन्ही सारखीच दिसतात.

आता खरी गोष्ट सांगतो. मी शेजारच्या काकांकडून ड्रिल मागून आणलं होतं. गिटार टेबलावर, ड्रिल हातात. मनात म्हणत होतो, पावणेदोनच मिलिमीटर तर आहे, नवीन भोकं पाडू! ऑफिसमध्ये कोड बिघडला तर आपण मागच्या व्हर्जनवर जातो. लाकडाला मागचं व्हर्जन नसतं. जुन्या भोकाला इतकं खेटून पाडलेलं भोक सरळ राहत नाही, ड्रिल घसरून जुन्या भोकात शिरतं. आधी जुनी भोकं लाकडी खुंटी आणि गोंद घालून बुजवावी लागतात, मग नवी पाडायची. ते नीट जमलं नाही तर तारांची सगळी ओढ त्या फुटक्या लाकडावर येते.

दादाला व्हिडिओ कॉल लावला. तो बघत राहिला आणि एवढंच म्हणाला, "अरे, फर्स्ट इयरला व्हर्नियर वापरायला शिकवलं होतं ना तुला?"

ड्रिल परत केलं. ब्रिजही परत पाठवला.

दुसऱ्यांदा तीन मापं घेतली. पहिलं, स्क्रूंमधलं अंतर. दुसरं, खालच्या ठोकळ्याची उंची. माझ्या गिटारची जाडी ४० मिलिमीटर, आणि पूर्ण मापाचा ठोकळा असता तर तो पाठीतून बाहेर आला असता. तिसरं, दांडीचे आटे, कारण जुनी दांडी नव्यात बसेलच असं नाही.

या वेळी ब्रिज अलगद बसला. बसवताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्प्रिंगा अडकवायच्या पत्र्याला अर्थची वायर डाख देऊन जोडलेली असते. तो पत्रा तसाच ठेवा, म्हणजे सोल्डरिंगची भानगड नाही. आणि सहा स्क्रू गच्च आवळू नका, ब्रिजला डुलायला जागा हवी. मग तारा चढवा. एक तार सुरात आली की बाकीच्या उतरतात, कारण तराजू कलतो. चार-पाच फेऱ्या होतात, वैतागू नका. मागची कड साधारण ३ मिलिमीटर उचललेली राहील इतपत पाठीतले स्क्रू फिरवा. शेवटी बाराव्या पट्टीवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर जुळवून बघा. दाबलेला चढा लागला तर सॅडल मागे घ्या.

एवढं करूनही जी ची तार दांडी दाबून सोडली की बेसूर व्हायचीच. कारण वर, नटच्या खाचेत होतं. तार तिथे अडकायची, 'टिक्' असा आवाजही यायचा. खाचेत पेन्सिलचं शिसं घासलं आणि थांबलं. म्हणजे आटे गेले होते हे खरं, पण सूर बिघडण्याचा आळ मी उगाच ब्रिजवर घेतला होता.

त्या रात्री दादाला परत कॉल लावला. दांडी पूर्ण दाबली, सोडली, आणि कॉर्ड वाजवली. सुरात होती. तो म्हणाला, "आता पाठ दाखव." मी गिटार उलटी केली. तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "आणि ड्रिल?"

"काकांकडे आहे," मी म्हटलं.

तर मंडळी, ब्रिज मागवण्याआधी पट्टी काढा. भेटू पुढच्या भागात.