नवी आवृत्ती आणि जुळणारी आवृत्ती



पुस्तक विकत घ्यायचे तर शेवटची आवृत्ती घ्या, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. मागच्या चुका पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होतात, हे त्यामागचे साधे कारण. हीच सवय मी संगणकापाशी घेऊन गेलो आणि फसलो. त्याची हकीकत आज सांगायची आहे.

आमच्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची एक मेलिंग लिस्ट आहे. म्हणजे काय, तर एका पत्त्यावर पत्र धाडावे आणि ते यादीतल्या सर्वांच्या हाती पडावे; कोणी उत्तर दिले तर तेही सर्वांना मिळावे. हे काम मेलमन नावाचा प्रोग्रॅम करी. पण खरी ठेव आहे ती जुन्या पत्रांच्या संग्रहात. आमचे एक ज्येष्ठ सहकारी आता हयात नाहीत. मुलांच्या शंकांना त्यांनी दिलेली लांबलचक उत्तरे त्या संग्रहाखेरीज कुठेही नाहीत.

आमचा मेलमन होता 2.1. तो पायथन 2 वरच चालतो. पायथन 2 चा सांभाळ 1 जानेवारी 2020 रोजी थांबला. त्याच वर्षीच्या एप्रिलात 2.7.18 ही त्याची अखेरची आवृत्ती निघाली. पुढे ऑगस्ट 2021 मध्ये डेबियन 11 आले, त्यात जुना मेलमन नव्हताच, मेलमन 3 तेवढा होता. आम्ही आपले जुन्या यंत्रावर दिवस रेटत राहिलो. शेवटी 2024 च्या दिवाळीच्या सुटीत मी धीर करून बसलो.

आता मेलमन 3 हा एकटा प्रोग्रॅम नव्हे. ते भरले बिऱ्हाड आहे. पत्रे वाटणारा गाभा वेगळा, यादीचा कारभार पाहण्यासाठी पोस्टोरियस वेगळा, जुनी पत्रे मांडून दाखवणारा हायपरकिटी वेगळा. पोस्टोरियस आणि हायपरकिटी जँगो नावाच्या चौकटीवर उभे, आणि सगळ्यांच्या तळाशी पायथन. मी काय केले? मेलमन आधीच उतरवून ठेवला होता. त्याच्याखाली घातला त्या ऑक्टोबरात नुकताच निघालेला पायथन 3.13. नवा म्हणजे चांगला, ही माझी समजूत!

मेलमनचा एक भाग काही केल्या उठेना. 'एनएनटीपीलिब' सापडत नाही, असे पडद्यावर येई. पुढे कळले ते असे. युजनेटवरच्या वार्तासमूहांशी बोलणारा हा भाग पूर्वी पायथनबरोबर आपोआप मिळे. 3.13 काढताना असे बरेच जुने सामान अडगळ म्हणून बाहेर काढले गेले. मेलमन मात्र तो भाग घरात असणारच, या विश्वासाने लिहिलेला. आम्हाला युजनेटशी काडीचे कर्तव्य नव्हते, पण ते यंत्राला कोण सांगणार? जँगोचीही तीच रीत. 'यूगेटटेक्स्ट' हे नाव आता जाणार, अशी सूचना डिसेंबर 2019 च्या 3.0 मध्ये मिळाली, आणि डिसेंबर 2021 च्या 4.0 मध्ये ते गेले. त्या नावावर विसंबलेले जुने प्रोग्रॅम तिथे अडतात. यात लबाडी कोणाचीच नाही. प्रत्येक जण आपापल्या घरात झाडलोट करीत असतो.

आमचा एक माजी विद्यार्थी याच व्यवसायात आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, रागावू नका, पण तुम्ही तंबोरा, तबला, पेटी सगळं नवंकोरं आणलंत, आणि सूर कोणी लावलाच नाही."

"अरे, मग आधी लावायचं काय?"

"गाणाऱ्याची पट्टी. तुमचा गाणारा मेलमन. त्याच्या माहितीपत्रात कोणता पायथन चालतो ते लिहिलेलं असतं. तो घ्यायचा. जँगो तर आपण निवडायचाच नाही; पोस्टोरियस आणि हायपरकिटी मागतील तो येऊ द्यायचा."

त्याने दोन वाटा सांगितल्या. एक, पायथनचे वेगळे दालन करून त्यात हा संच बसवावा, म्हणजे यंत्रावरच्या इतर कामांचा धक्का त्याला लागत नाही. दुसरी, डेबियनने जुळवून ठेवलेले 'मेलमन3-फुल' हे गाठोडे घ्यावे. त्या वेळी डेबियन 12 होते, त्यातला पायथन 3.11. ताजा नव्हे, पण गाठोड्यातली मंडळी एकमेकांशी पारखून घेतलेली. ज्याचा हा पोटापाण्याचा धंदा नाही, त्याने दुसरी वाट धरावी, असे माझे मत झाले आहे. पहिल्या वाटेत मोकळीक अधिक, पण जागरणेही अधिक.

जुन्या यंत्राला हात लावायचा नाही, ही त्याची अट होती. दुसऱ्या यंत्रावर गाठोडे बसवले. दोघातिघांची लहानशी यादी करून पत्रे धाडून पाहिली. मग 'इंपोर्ट21' या आज्ञेने जुन्या यादीची मांडणी आणि सभासद आणले, आणि 'हायपरकिटी_इंपोर्ट' ने जुन्या पत्रांची फाइल आत घेतली. सगळे चालू झाल्यावर त्याने मला प्रत्येक भागाचा आवृत्ती-क्रमांक लिहून घ्यायला लावले. हाताशी हजेरीपट होता, त्याच्या शेवटच्या पानावर लिहिले.

मग संग्रहात त्या सहकाऱ्यांचे नाव घालून शोधले. पत्रांची यादी पडद्यावर उतरत गेली. त्यातले पहिलेच उघडले. एका मुलीने व्याकरणातली शंका विचारली होती, आणि आमच्या या गृहस्थांनी रात्री साडेअकराला बसून तिला दीड पान उत्तर लिहिले होते.