स्वतःची रेषा
(शाळेच्या हीरकमहोत्सवी व्याख्यानाचे शब्दांकन)



हीरकमहोत्सवाच्या प्रसंगी शाळेच्या निकालांचा, वास्तूचा आणि गुणवंतांचा गौरव होणे स्वाभाविक आहे. आजचे व्याख्यान मात्र वेळापत्रकातील एका उपेक्षित तासासाठी आहे. दहावीचे वर्ष जवळ आले की गणिताच्या जादा तासासाठी सर्वांत आधी ज्याचा बळी जातो, तो चित्रकलेचा तास. त्या तासातून निघालेली एक वाट कोठवर जाते, हे पाहण्यासाठी प्रथम बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये जावे लागेल.

होसूर-सर्जापूर रोड या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी ही वसाहत बंगळुरूच्या आग्नेय भागात आहे. एका कडेला अगरा तलाव, आत सेक्टरांची आखीव मांडणी आणि नव्या उद्योगांच्या कचेऱ्यांची दाटी. याच वसाहतीत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजेच निफ्टचे, बंगळुरू केंद्र आहे. निफ्टची स्थापना १९८६ मध्ये दिल्लीत झाली आणि २००६ च्या कायद्याने तिला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला. मराठी शाळेतून निघून या केंद्राच्या दाराशी पोहोचलेली एखादी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणावी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा तिने उत्तम श्रेणीत उत्तीर्ण केलेल्या आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द तिच्या ओळखीचे आहेत. गावातल्या प्रत्येक स्पर्धेत तिचे चित्र पहिले आलेले आहे.

येथे आल्यावर तिला पहिला धक्का बसतो तो मानवाकृतीचा. शाळेत शिकलेले माणसाचे शरीर सुमारे साडेसात मस्तकांच्या उंचीचे असते. फॅशन इलस्ट्रेशनमधील आकृती नऊ, कधी दहा मस्तकांची. वाढवलेली उंची बहुतांशी पायांत जाते, कारण चित्राचा विषय व्यक्ती नसून तिच्या अंगावरचे वस्त्र असते आणि वस्त्राला पडण्यासाठी जागा लागते. हे तंत्र शिकायला फार दिवस लागत नाहीत. मानेच्या खळगीतून सोडलेला ओळंबा शरीराचा भार पेलणाऱ्या पावलापाशी उतरला पाहिजे, हा नियमही हात लवकरच आत्मसात करतो.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. हातातल्या फोनवर रोज शेकडो देखणी रेखाटने समोर येतात. एकीचे डोळे, दुसऱ्याचे जलरंगाचे ओघळ, तिसऱ्याची तुटक रेषा असे उचलत उचलत सहा महिन्यांत वही भरते. वही सुंदर दिसते, पण तिच्यात दहा जणांचे हात असतात आणि तिचा स्वतःचा एकही नसतो. मग एका रात्री वसतिगृहाच्या खोलीत ती स्वतःला विचारते, ‘माझी शैली कोणती?’ या प्रश्नाखाली दुसरा, अधिक बोचरा प्रश्न दडलेला असतो. आपण जेथून आलो तेथे, त्या गावात, त्या शाळेत, त्या घरात, चित्रात आणण्याजोगे काही होते का?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम शैली म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. येथे बसलेल्या ज्येष्ठांना त्यासाठी परदेशी उदाहरणाची गरज नाही. दिवाळी अंकांच्या वैभवाच्या काळात दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या गोमंतकीय चित्रकारांची मुखपृष्ठे घरोघरी पोहोचत. दोघेही एकाच पिढीतले. दोघांचाही आवडता विषय नटलेली, साडी नेसलेली मराठी स्त्री. तरीही दुकानात टांगलेला अंक हाताच्या अंतरावरून पाहून, सही न वाचता, हा दलालांचा आणि हा मुळगावकरांचा, असे वाचक सांगत असत. दलालांची लयदार, सजावटीकडे झुकणारी रेषा आणि रंगांची मोकळी योजना. मुळगावकरांची मऊ, उजळ, कांतिमान छटा. विषय एक, वस्त्र एक, काळ एक, आणि तरी दोन स्त्रिया वेगळ्या. दोघांची निवड वेगळी होती. साडीकडे पाहताना एकाला तिची वळणे महत्त्वाची वाटली, दुसऱ्याला तिच्यावरचा प्रकाश. पाहण्यातली ही आवडनिवड वर्षानुवर्षे टिकली की तिला लोक शैली म्हणतात.

ही आवडनिवड कोठून येते, याचे उत्तर कोल्हापूरच्या एका कन्येच्या आयुष्यात सापडते. भानुमती अण्णासाहेब राजोपाध्ये यांचा जन्म २८ एप्रिल १९२९ रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांसाठीही त्यांनी काम केले होते. भानुमती नऊ वर्षांच्या असताना वडिलांचे छत्र हरपले. रेषेचे वेड मात्र घरात रुजून गेले होते. पुढे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी शिक्षण घेतले, १९५१ मध्ये तेथील उषा देशमुख सुवर्णपदक मिळवले आणि १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. हुसेन, रझा, गायतोंडे ही ज्या वर्तुळातली नावे, त्या वर्तुळात ही कोल्हापूरची तरुणी उभी होती.

पोटासाठी त्या करीत होत्या ते काम मात्र फॅशन इलस्ट्रेशनचे. मुंबईतून निघणाऱ्या ‘फॅशन अँड ब्यूटी’ आणि पुढे ‘ईव्ह्ज वीकली’ या स्त्रियांच्या इंग्रजी नियतकालिकांसाठी त्या वेषभूषेची रेखाटने करीत. स्वतंत्र भारताच्या शहरांतली स्त्री काय नेसेल आणि काय शिवून घेईल, याचा विचार त्या रेखाटनांत होत असे. ‘ईव्ह्ज वीकली’च्या संपादिकेने पुढे वस्त्रदालन उघडले तेव्हा तिने या चित्रकर्तीलाच कपड्यांची रचना करून पाहण्यास सांगितले. कागदावरची रेषा कापडावर उतरली आणि पुढचे आयुष्य ठरले. १९५० च्या दशकात ‘सीआयडी’, ‘प्यासा’ आणि नंतर ‘साहिब बीबी और गुलाम’ अशा चित्रपटांच्या वेषभूषा त्यांच्या हातून घडल्या. भानू अथैया हे नाव हिंदी चित्रपटसृष्टीत स्थिरावले.

१९६६ च्या ‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा अभ्यास केला आणि त्या भिंतींवरची वस्त्रे वैजयंतीमालांच्या अंगावर आणली. दोनच वर्षांनी ‘ब्रह्मचारी’त मुमताज यांच्यासाठी त्यांनी शिवल्यासारखी चोपून बसणारी नारिंगी साडी रचली आणि ती देशभर गाजली. एक वस्त्र प्राचीन, दुसरे नाचाच्या तालावर चालणारे. परंतु दोन्हींत एकच नजर दिसते. शिवणीपेक्षा गुंडाळलेल्या, ओढून घेतलेल्या कापडावर तिचा विश्वास आहे. काष्टा घातलेल्या लुगड्यांच्या कोल्हापुरात बालपण गेलेल्या चित्रकर्तीला कापड शरीराभोवती कसे वळते, हे पुस्तकातून शिकावे लागले नसावे.

रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना १९८३ मध्ये ऑस्कर मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या चित्रपटातल्या वेषभूषेत झगमगाट जवळजवळ नाही. बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंतचा एका माणसाचा प्रवास तेथे कापडातून सांगितलेला आहे. पुढे ‘लेकिन’ आणि ‘लगान’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभले. या यशाची एक किंमतही होती. वेषभूषेच्या कामात चित्रकला मागे पडली. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लिलावाच्या निमित्ताने त्यांची आरंभीची चित्रे व रेखाटने पुन्हा रसिकांपुढे आली, तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळले की आपण एका चित्रकर्तीला अर्धेच ओळखत होतो.

आता पुन्हा एचएसआर लेआउटमधल्या त्या खोलीकडे यावे. भानुमतींची गोष्ट त्या विद्यार्थिनीला काय सांगते? शैली शोधण्यासाठी फोनवर आणखी चित्रे पाहण्याची आवश्यकता नाही, एवढे तरी नक्की सांगते. पाहण्याजोगे पुष्कळ काही खोलीबाहेर आहे आणि त्याहून अधिक तिच्या पेटीत आहे.

त्या पेटीत आईने दिलेली खणाची चोळी असते. जो खण मराठी घरात ओटीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला, त्याचे माहेर कर्नाटकात आहे. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड हे त्याच्या विणकामाचे गाव. त्याच जिल्ह्यातले इलकल हे इरकली लुगड्याचे गाव. अंगाचे ताणे आणि पदराचे ताणे फासे घालून एकमेकांत गुंतवायचे, या ‘टोपे टेणी’ नावाच्या पद्धतीमुळे इरकलीचा लाल पदर अंगापासून वेगळा उठून दिसतो. धारवाडकडची कशिदाकारी त्याच लुगड्यावर गोपुरे, रथ आणि हत्ती काढते. म्हणजे बंगळुरूला आल्याने ही मुलगी आपल्या आजीच्या वस्त्रांपासून दूर गेलेली नाही, उलट त्यांच्या मागांच्या प्रदेशात येऊन पोहोचली आहे.

खण काढायला घेतला की हाताला नवे काही कळू लागते. हे कापड ताठ असते, शिफॉनसारखे ओघळत नाही, त्याची घडी कोनात मोडते. बारीक बुट्टी सगळी काढू गेले तर चित्र काळवंडते, आणि मुळीच न काढली तर खण खण राहत नाही. किती ठेवायची आणि किती सोडायची, हा निर्णय दुसऱ्या कोणाच्या चित्रातून उसना घेता येत नाही. नऊवारीच्या काष्ट्याची ओढ पोटरीमागे कशी जाते, हे आजीला चालताना पाहिलेल्या मुलीच्या स्मरणात असते. शाळेतल्या स्मरणचित्राच्या पेपरात तिने जत्रा, पाणवठा, बाजार काढला होता. तोच सराव येथे कामी येतो.

मग ती सकाळी अगरा तलावावर वही घेऊन जाते. साडीखाली खेळाचे बूट घालून भराभर चालणाऱ्या मावशी, केसांत मोगरा माळून फुले विकणारी बाई, गळ्यातल्या फितीला ओळखपत्र लटकवून बसची वाट पाहणारे तरुण. एका माणसासाठी एक मिनिट, खोडरबर घरी. पहिल्या पन्नास पानांत गोंधळच असतो. पुढे हळूहळू लक्षात येते की हात प्रत्येक वेळी एकाच गोष्टीकडे वळतो आहे. कोणाचा हात खांद्याच्या उताराकडे वळेल, कोणाचा निऱ्यांच्या मोजणीकडे, कोणाचा पदर सावरणाऱ्या बोटांकडे. तेथे तिची रेषा सुरू होते. नऊ मस्तकांची आकृती तेव्हाही तीच राहते, पण तिच्यात आता एका विशिष्ट व्यक्तीची चाल उतरलेली असते.

पालकांच्या मनातला प्रश्न येथे टाळता येणार नाही. यावर पोट भरते का? प्रामाणिक उत्तर असे की केवळ रेखाटनांवर चरितार्थ चालवणारे थोडे असतात. बंगळुरू हे तयार कपड्यांच्या उद्योगाचे देशातले मोठे केंद्र आहे आणि तेथे चित्राइतकीच मापांची, शिवणींची, कापडाच्या खर्चाची जाण लागते. कारखान्यासाठी काढायचा आराखडा सपाट आणि अचूक असावा लागतो. त्यात शैलीला वाव नसतो. भानुमतींनाही रेखाटनांवरून शिवणकामाकडे आणि तेथून चित्रपटाकडे जावे लागले. मात्र पुढच्या प्रत्येक कामात त्यांच्याबरोबर गेली ती रेखाटनांतून घडलेली नजर. आज यंत्रे क्षणार्धात शंभर देखणी चित्रे तयार करून देत असताना तर त्यांतले कोणते खरे आणि कोणते पोकळ, हे ओळखणाऱ्या नजरेची गरज वाढलीच आहे.

म्हणून या हीरकमहोत्सवी वर्षात शाळेकडे आणि पालकांकडे मागणे फार मोठे नाही. चित्रकलेचा तास दुसऱ्या विषयाला उसना देऊ नये. मुलांनी छापील चित्र गिरवून आणले तर शाबासकी देताना हात आखडावा, आणि आजीच्या लुगड्याचे वेडेवाकडे चित्र आणले तर पदराला रेघा किती आहेत, हे त्यांना पुन्हा पाहून यायला सांगावे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी जुनी वस्त्रे पेटीत पडून आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस ती शाळेत आणावीत, मुलांना हात लावू द्यावा, काढू द्यावीत.

त्यांतली एखादी मुलगी पुढे कधी एचएसआर लेआउटमध्ये, किंवा जगाच्या आणखी कोणत्या शहरात, कोऱ्या पानासमोर बसेल. त्या वेळी काय काढावे, हा प्रश्न तिला पडू नये, एवढी शिदोरी या शाळेने तिला द्यावी.