उडण्याचा हट्ट कुणी धरायचा?

(किशोरी गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. आमच्या वस्तीतल्या किशोरी गटात मी मुलींना विचारत होते, मोठेपणी काय करणार? शिक्षिका, नर्स, पोलीस अशी उत्तरे आली. एक मुलगी म्हणाली, "ताई, मला विमान चालवायचंय. साधं नाही, आभाळात कोलांट्या मारणारं." मुली हसल्या. मीही हसले. आणि फॉर्मवर तिच्या नावापुढे 'ब्यूटी पार्लर वर्ग' असे लिहून मोकळी झाले. एम.एस.डब्ल्यू. करताना लोकांच्या गरजा ओळखायला शिकले होते. रेशन, पाणी, रोजगार. पण मुलीची इच्छा ही गरज असते का, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

त्या हसण्याची टोचणी लागली, म्हणून आज तुम्हांला बेसी कोलमनची गोष्ट सांगते.

बेसीचा जन्म १८९२ मधला, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातला. कृष्णवर्णीय कुटुंब, दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने राबणारे. वडील घर सोडून गेले, आई लोकांच्या घरी कामाला लागली. बेसी कापूस वेचायची, लोकांचे कपडे धुवायची. पैसे साठवून पुढच्या शिक्षणाला गेली, पण एका सत्रातच पैसे संपले. १९१५ मध्ये ती शिकागोला आली आणि पुरुषांच्या सलूनमध्ये गिऱ्हाइकांची नखे साफसूफ करून देण्याचे काम करू लागली.

पहिल्या महायुद्धावरून परतलेला भाऊ तिला चिडवायचा. फ्रान्समधल्या बायका विमाने चालवतात, तुम्हांला कुठले जमायला! बेसीने ते मनावर घेतले. पण अमेरिकेतली विमानशाळा तिला दारात उभी करेना. एक तर बाई, त्यातून काळी. 'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे रॉबर्ट अॅबट यांनी सुचवले, फ्रान्सला जा. ती फ्रेंच शिकली, पैसे जमवले, १९२० च्या नोव्हेंबरात बोटीत बसली. १५ जून १९२१ रोजी तिला वैमानिकाचा आंतरराष्ट्रीय परवाना मिळाला. तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री.

ती शिकली ते विमान दुपंखी होते. एकावर एक असे दोन पंख, मध्ये दांड्या आणि तारा, बसायची जागा उघडी. अशा विमानावर पोट भरायचे, तर गावोगाव हवाई कसरतींचे खेळ करायचे. त्या शिकायला ती १९२२ मध्ये पुन्हा युरोपला गेली. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला न्यूयॉर्कजवळ तिचा पहिला जाहीर खेळ झाला. पुढच्या वर्षी इंजिन बंद पडून विमान कोसळले. पाय मोडला, बरगड्या मोडल्या. बरी झाल्यावर ती पुन्हा उडाली.

आता ज्यासाठी ही गोष्ट सांगितली, त्याकडे येते. विमान घ्यायला पैसे हवेत म्हणून बेसीने पुढे फ्लोरिडात एक ब्यूटी पार्लर काढले. म्हणजे पार्लर तिनेही चालवले! पण तिच्यासाठी ती पायरी होती. आपल्या योजनांत मुलींसाठी तोच शेवटचा जिना ठरतो, आणि तो ठरवतो आपण.

दुसरे फाटकाचे. ती लहानाची मोठी झाली त्या वॉक्सहाची गावात तिचा खेळ होता. गोऱ्यांना एक फाटक, काळ्यांना दुसरे. बेसी म्हणाली, फाटक एकच असेल तर उडेन. आयोजकांना ऐकावे लागले. आत बसायच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या. एका बाईच्या कसरतीने सगळे बदलत नाही. पण हट्टाने शिकलेल्या कसरतीमुळेच अट घालायची ताकद तिच्या हाती आली होती.

आपल्या लोकांसाठी विमानशाळा काढायचे तिचे स्वप्न होते. ३० एप्रिल १९२६ रोजी जॅक्सनव्हिलला खेळाआधी ती पाहणीसाठी उडाली. विमान तिचा मेकॅनिक चालवत होता. खाली वाकून पाहता यावे म्हणून तिने पट्टा बांधला नव्हता. यंत्रणेत पाना अडकला, विमान उलटले, बेसी बाहेर फेकली गेली. वय ३४. मेकॅनिकही वाचला नाही. १९२९ मध्ये लॉस एंजेलिसला तिच्या नावाने विमानशिक्षणाचा क्लब निघाला. १९९२ मध्ये मे जेमिसन ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री अंतराळात गेली, तेव्हा तिच्यापाशी बेसीचा फोटो होता.

आपल्याकडे १९३६ मध्ये सरला ठकराल यांनी लाहोरला साडी नेसून जिप्सी मॉथ हे दुपंखी विमान एकटीने उडवले. तेव्हा त्यांची मुलगी चार वर्षांची होती. त्यांच्या सासरी वैमानिक होते, घरातून पाठबळ होते. ज्या मुलीच्या घरी असे कुणीच नाही, तिचे 'घरचे' कोण? माझ्या मते, आपण.

मी त्या मुलीकडे पुन्हा गेले. शिक्षणाचा खर्च लाखांत आहे हे लपवले नाही. गणित सोडू नकोस, एवढे सांगितले. पार्लरचा वर्ग ती करते आहे, पण कशासाठी ते आता तिने ठरवायचे आहे. आमच्या फॉर्मवर आम्ही एक रकाना वाढवला आहे : 'तुला काय करावेसे वाटते?' तुम्हीही वाढवा. उत्तर वाचून हसू आले, तर बेसीच्या भावाची आठवण ठेवा.